काळ्या कापडाखाली

१ ऑक्टोबर २०२५, बुधवार. खांडेनवमी

हिशेबाची वही मी पुढून भरते, मागची पानं कोरी राहतात. आजपासून मागून लिहायचं ठरवलं. हे आषाढात अंथरुणाला लागले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. ऐकू येतं, समजतंही सगळं, पण तोंडातून नुसतं "अं, अं". मग बोलायचं कुणाशी? वहीशी.

आज हत्यारांची पूजा. स्टुडिओतली पूजा दरवर्षी हे करतात, यंदा मी केली. कात्र्या, ट्रे, लाल बल्ब आणि मोठा कॅमेरा. सासऱ्यांच्या वेळचा सागवानी, तीन पायांवर उभा, पोटात चामड्याचा भाता. त्याच्या मागच्या धुरकट काचेवर चित्र उमटतं, तिच्यावर वर्षाची धूळ बसलेली. चार चिमटे फिरवले की काच सुटते. शिकेकाईच्या पाण्यानं धुतली, उन्हात वाळवली. एक बाजू गुळगुळीत, एक खरखरीत. होती तशी बसवली तर गुळगुळीत बाजूवर गंध टिकेना, ओघळायला लागलं. मग काच फिरवून खरखरीत बाजू बाहेर केली. पाच बोटं कशी छान उठली!

ह्यांची खुर्ची दाराशी आणून दाखवलं. बघून "अं, अं, अं" केलं आणि डोळ्यांत पाणी आलं. पूजा चुकली नाही याचं बरं वाटलं असेल.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

काल दसऱ्याला काच पुसून ठेवली आणि आज कॅमेऱ्यावर गिऱ्हाईक आलं. उदयसिंह भावजी दोन पावण्यांना घेऊन आले. हायवेला हॉटेल काढलंय त्या पावण्यांनी. दारात कॅमेरा उभा करायचा आणि आत बल्ब सोडायचा.

"भात्यात बल्ब?" मी म्हटलं.

"व्हय की. लॅम्प झकास हुतोय," पावणा म्हणाला आणि भाता बोटानं दाबून बघायला लागला. मी त्याच्या हाताखाली चहाची बशी सरकवली.

भावजी माझ्याकडं न बघता म्हणाले, "वैनी, दादा आता फोटू काढणार हाय का? न्हाय. मग वाळवीला घालायचा का?"

कॅमेरा दोघा भावांच्या वडलांचा. निम्मा त्यांचा आहे, हे मला नाकारता येत नाही.

"आणि तालमीचा फोटो?" मी विचारलं.

आमच्या गल्लीतल्या तालमीचा फोटो दर त्रिपुरी पौर्णिमेला सकाळी निघतो. एकसष्टपासून एक वर्ष चुकलं नाही. आधी सासऱ्यांनी काढले, मग ह्यांनी, सगळे याच कॅमेऱ्यावर. तालमीच्या भिंतीवर ओळीनं लावलेत.

"मोबाईलवर काढतील पोरं."

"मी काढतो," मी म्हटलं.

भावजी हसले. "तुम्ही फोटू धुता, वैनी. धुयाचं येगळं, काढायचं येगळं."

"बत्तीस वर्षं धुतलेत. कुठला हालला, कुठला बिघडला, ते तुमच्या दादांच्या आधी मला कळतंय."

पावण्यांच्या देखतच ठरलं. पौर्णिमेचा फोटो चेहरे ओळखू येतील असा आला तर कॅमेरा राहील. नाही आला तर दुसऱ्या दिवशी टेम्पो. महिनाभर हातात आहे. कपाटात ह्यांनी आणून ठेवलेल्या एक्स-रेच्या फिल्म आहेत. स्वस्त म्हणून हे त्याच वापरायचे. मोजल्या, दहा उरल्यात.

बोलून तर बसले.

४ ऑक्टोबर, शनिवार

कॅमेरा परड्यात काढला. त्याच्या काळ्या कापडाखाली आयुष्यात पहिल्यांदा डोकं घातलं आणि तोंड एवढंसं झालं. काचेवर नुसता उजेडाचा धूर. कापडाची उंदरांनी चाळण केलेली, जागोजागी ऊन आत येत होतं. हातांनी भोकं दाबून धरली तेव्हा कुठं पेरूचं झाड दिसलं, खाली डोकं वर पाय. मुळं आभाळात आणि पेरू जमिनीकडून वर वाढलेले. मान फिरवून सुलटं करायला बघितलं, गरगरलं.

चित्र नेमकं ठरलंय का हे काचेवर भिंग टेकवून बघायचं असतं. ह्यांचं पितळी भिंग मखमलीच्या पिशवीत होतं. टेकवलं, पण चित्रच काय, काचेचा कणसुद्धा स्वच्छ दिसेना. सगळं पाण्यातून बघितल्यासारखं. भिंगाची कडी फिरणारी आहे, पण ह्यांनी ती लाखेनं पक्की करून टाकलीय. मोडलं असणार, म्हणून ही डागडुजी. लाख फोडायला सुरी घेतली होती. ह्यांच्या हातची म्हणून ठेवून दिली.

म्हणजे दोन वस्तू लागणार. कापड आणि भिंग.

७ ऑक्टोबर, मंगळवार

कापड झालं! शेजारची अमीरबी शिवणकाम करते. तिला सांगितलं, आतून मिट्ट काळं पाहिजे, बाहेरून पांढरं, म्हणजे उन्हात आत भाजणार नाही. ह्यांनी एकदा गिऱ्हाइकाला असं सांगितलेलं ऐकलं होतं.

अमीरबीनं ट्रंकेतून जुना बुरखा काढला. "हे घे. वीस वर्षं ऊन आत आलं न्हाय ह्यातनं."

"अगं, मला कसा देतीस?"

"बसत न्हाय आता. बाळंतपणं काय एकाच मापात झालीत व्हय?"

त्याला बाहेरून ह्यांचं पांढरं धोतर जोडलं. वाऱ्यानं उडू नये म्हणून काठात सायकलचे जुने नट शिवले, सोळा. अंगावर घेऊन उभी राहिले तशी अमीरबी खुर्चीवर बसून हसत सुटली. "आक्का, खालनं लुगडं, वरनं बुरखा आणि वर धोतर. तुझ्या लग्नाला कोण बोलवायचं, काजी का भट?"

पण आत! आत काळोख असा मऊ की काचेवर पेरूच्या पानाची एकेक शीर दिसली. उलटी का होईना.

९ ऑक्टोबर, गुरुवार

दिवसभर भिंगासाठी पायपीट. सोबत काच न्यावी म्हटलं होतं, पण फुटेल म्हणून धाडस झालं नाही. दुकानातली भिंगं मागून घरी आणून लावली, परत नेऊन दिली. तीन फेऱ्या झाल्या.

घड्याळजीचं, डोळ्यात अडकवायचं: फारच जोराचं. काचेचा कण वाळूच्या ढिगाएवढा दिसतो आणि चित्र त्यात हरवतं.

पोथी वाचायचं मोठं, मुठीचं: कापडाखाली एका हातात धरायचं, दुसऱ्या हातानं भाता मागंपुढं करायचं चाक फिरवायचं. हात थरथरला की सगळं पळतं.

शाहूपुरीतल्या एका प्रेसवाल्याचं, लोखंडी, तीन घड्यांचं. छपाईचे ठिपके मोजायला वापरतात. कागदावर उभं राहतं, हात लावावा लागत नाही. काचेवर ठेवलं आणि काय सांगू, एकेक कण रांगोळीसारखा लख्ख! जणू याच काचेसाठी घडवलंय. घेऊन टाकलं. ह्यांचं बिघडलेलं पितळी पिशवीत घालून ट्रंकेत ठेवलं.

कॅमेऱ्याच्या मोठ्या दुकानातही गेले होते. तिथं एक आरशाची पेटी दाखवली. काचेमागं लावली की माणूस सुलटा दिसतो, कापडही लागत नाही. साडेचौदा हजार.

मालक म्हणाला, "मावशी, लेडीजला उलटं बघून जमत न्हाय. चक्कर येती."

"पहिल्या दिवशी आली हुती. आता सुलटी माणसंच मला इचित्र दिसत्यात," मी म्हटलं आणि पिशवी उचलली. आरशानं उजेडही कमी होतो, ते त्यानं सांगितलं नाही, मी डोळ्यांनी बघितलं. नको ती पेटी. उलटंच शिकणार.

१२ ऑक्टोबर, रविवार

जोतिबाला हात जोडून पहिला फोटो. अमीरबीला परड्यात स्टुलावर बसवलं, मागं चार फुटांवर शेजाऱ्यांची भिंत. भिंतीवर "येथे जाहिरात लावू नये" असं रंगवलंय. अमीरबीच्या चष्म्याची कडी काचेवर सुईसारखी दिसेपर्यंत चाक फिरवलं. काच काढून फिल्मची पेटी बसवली. आमच्या स्टुडिओची रीत सासऱ्यांपासूनची आहे. लेन्सचं झाकण काढायचं, मनात "जोतिबाच्या नावानं चांगभलं" म्हणायचं, झाकण लावायचं. तेवढाच उजेड फिल्मला पुरतो.

लाल दिव्याखाली धुतला. अमीरबीचं तोंड म्हणजे भिजवलेली कणीक. चष्मा कुठला, नाक कुठलं! आणि भिंतीवरचं "जाहिरात" मात्र काना-वेलांटीसकट.

"तू हाललीस," मी म्हटलं.

"मी? दगडागत बसलेलो. माशी नाकावर बसली तरी उडवली न्हाय."

दुसरी फिल्म घातली, तिचं डोकं पाठीमागून काठीला टेकवून. तेच. आठ उरल्या.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

माझे डोळे तपासून घेतले. डॉक्टर म्हणाले, चष्म्याचा नंबर बरोबर आहे, मोतीबिंदू नाही. डोळ्यांत दोष निघाला असता तर बरं वाटलं असतं, देवा क्षमा कर.

भावजींनी आज फिल्म बघितली. उजेडात धरून म्हणाले, "भिंतीचा फोटू चांगला आलाय की, वैनी." मग ह्यांची दाढी करायला बसले. दर शुक्रवारी येतात, साबण स्वतःचा आणतात. दाढी करता करता ह्यांना म्हणाले, "दादा, तुझी बायकू ऐकत न्हाय." हे डाव्या हातानं कॅमेऱ्याकडं सारखं दाखवत होते.

ते गेल्यावर कॅमेरा ह्यांच्याजवळ नेला. ह्यांनी डावा हात उचलला आणि मागच्या काचेवर नख ओढलं. खर्रर्र. पुन्हा ओढलं. माझ्याकडं बघितलं, मान हलवली, परत नख. पस्तीस वर्षं ज्या काचेपुढं उभे राहिले तिला निरोप देतायत असं वाटून मला भडभडून आलं. हात धरून खाली ठेवला. म्हटलं, नका काळजी करू, मी आहे. तर केवढे चिडले! तोंड भिंतीकडं फिरवून झोपले, संध्याकाळी भाकरी घेतली नाही.

२२ ऑक्टोबर, बुधवार. पाडवा

ह्यांना पलंगावरच ओवाळलं. आणखी दोन फिल्म गेल्या, दोन्हींत माणूस धुरकट. सहा उरल्या. लोक फराळाला येतात आणि विचारतात, कॅमेरा कधी नेणार? जसा काही घरातला पाहुणा आहे. मी म्हटलं, पौर्णिमेनंतर या, तालमीचा फोटो बघायला.

आत येऊन देवापुढं बसले आणि अंबाबाईला स्पष्ट विचारलं: तुला माझा काही राग आहे का? असेल तर सांग. नसेल तर वाट दाखव. गप्प बसायला घरात एक आहेत तेवढे पुरे.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

आज माणसं बंद. माणसं हालतात, तांबे हालत नाहीत. घरातले तांबे कमी पडले, अमीरबीकडून तीन आणले. सात तांबे तिरक्या ओळीत, एकामागं एक दोन-दोन फुटांवर, पोटावर खडूनं आकडे. तिसऱ्या तांब्यावर नेमकं धरलं, भिंगातून आकडा तीन कोरल्यासारखा दिसत होता. फोटो काढून धुतला.

तीन धुरकट. पाच कोरलेला!

दुसरी फिल्म, दोनवर धरलं. चार आला. चार उरल्या.

म्हणजे अमीरबी हालली नव्हती आणि माझा डोळाही चुकत नाही. चुकला असता तर कधी पुढं चुकला असता, कधी मागं. दर वेळी दोनच घरं मागं?

भाजी फोडणीला टाकली आणि हेच डोक्यात. हिशेबात दर महिन्याला तेवढाच फरक येत असेल तर बेरीज चुकलेली नसते. कुठलीतरी नोंद उलट्या बाजूला पडलेली असते. मग मी रोज काय काय करते ते एकेक आठवत गेले. कापड, भिंग, चाक, पेटी, काच. कॅमेऱ्यात यंदा बदलली अशी वस्तू कुठली?

काच. मी धुतली. मी फिरवली.

गॅस बंद करून पळाले. चित्र उमटतं ते काचेच्या खरखरीत अंगावर. ते अंग आत असतं तेव्हा बरोबर त्याच जागी फिल्म येऊन बसते. मी ते बाहेर केलं, म्हणजे काचेच्या जाडीएवढं मागं. मी बघत होते एका जागी आणि फिल्म बसत होती दुसऱ्या जागी!

चिमटे सोडून काच फिरवली. प्रेसवाल्याचं भिंग टेकवलं तर कण पुसट. ट्रंकेतून ह्यांचं पितळी काढलं, टेकवलं. कण लख्ख. हे भिंग बिघडलेलं नव्हतंच. काचेच्या जाडीतून पलीकडचा कण दिसावा असं बसवून ह्यांनी ते लाखेनं कायमचं केलं होतं. महिनाभर तेच एकटं खरं सांगत होतं आणि त्याला मी ट्रंकेत टाकलं.

एक नाही, दोघं खरं सांगत होते. कॅमेरा ह्यांच्यापुढं नेला आणि ह्यांचं बोट धरून काचेवर नख ओढलं. आवाज आला नाही. ह्यांनी माझ्याकडं बघितलं आणि हसले. आषाढानंतर पहिल्यांदा. अर्धंच तोंड हसतं आता, पण हसले.

"गंधासाठी केलं हुतं वो," मी म्हटलं. "एवढं रागवायचं?"

"अं," हे म्हणाले. एकदाच.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

भावजींना सगळं सांगितलं. काच मीच उलटी बसवली होती म्हणून.

"म्हंजे हारलासा की, वैनी."

"हारलो असतो तर लपवलं असतं."

भावजी वस्तरा धुऊन गेले. अमीरबीचा नवीन फोटो दारात वाळत लावला होता, तो मात्र उंबऱ्यात थांबून बघितला. तिच्या चष्म्यात पेरूचं झाड दिसतं. तीन उरल्या.

३ नोव्हेंबर, सोमवार

तालमीचे वस्ताद आकाराम आले. डोक्यावरची टोपी काढून हातात, जमिनीकडं बघत.

"वैनी, एक अडचण हाय. पोरं दरसाली लंगोटावर उभी ऱ्हात्यात. यंदा तुम्ही... पोरं म्हणत्यात ट्रॅकपँट घालतो."

"साठ वर्षांच्या भिंतीवर ट्रॅकपँट लावणार?"

"पोरं लाजत्यात, वैनी."

"वस्ताद, मी कापडाच्या आत असणार. तिथं तुमची पोरं खाली डोकं वर पाय दिसत्यात मला, वटवाघळागत. वटवाघळं कधी लाजत्यात व्हय?"

वस्ताद दारापर्यंत गेले आणि तिथं त्यांना हसू फुटलं.

मी आणखी एक गोष्ट सांगितली. यंदा मधल्या खुर्चीत आमचे हे, गणपतराव बसणार. त्यांनी इतके फोटो काढले, एकातही ते नाहीत. वस्तादांनी टोपी डोक्यावर घातली आणि म्हणाले, "ते इचारायचं व्हय?"

५ नोव्हेंबर, बुधवार. त्रिपुरी पौर्णिमा

तीनपैकी एक फिल्म काल पेटीत भरताना बोट लागून खराब झाली. दोन घेऊन गेले.

तालमीच्या पटांगणात सकाळी आठला चाळीसजण. भावजींनी ह्यांना घरापासून पाठुंगळी आणलं, गाडी बोलावते म्हटलं तर ऐकलं नाही. खुर्चीत बसवलं, फेटा बांधला, उजवा हात मांडीवर नीट ठेवला. मग बाजूला जाऊन उभे राहिले, हाताची घडी घालून.

वारा होता, पण सोळा नटांनी कापड हलू दिलं नाही. आत गेले. चाळीस पैलवान आभाळातून लोंबत होते, मध्ये हे. पितळी भिंग ह्यांच्या डोळ्यावर टेकवलं. चाक फिरवत गेले. फेट्याची वीण आली, मग भुवई, मग पापणीचा एकेक केस. एवढ्या जवळून ह्यांचा डोळा मी लग्नातसुद्धा बघितला नसेल. थांबले तिथंच.

काच काढली, पेटी बसवली. बाहेर येऊन झाकणाला हात घातला. झाकण काढलं आणि मनातलं तोंडात आलं, "जोतिबाच्या नावानंऽऽ"

"चांगभलं!" चाळीस पैलवान गरजले. हात वर, तोंडं उघडी. कबुतरं उडाली.

झाकण लावलं, पण काय उपयोग? आकाराम वस्तादांनी कपाळावर हात मारून घेतला. कुणीतरी मागून म्हणालं, "मोबाईल काढू का, काकी?"

"खिशातच ठेव," मी म्हटलं. "लंगोटाला खिसा असला तर."

हसून घेतलं सगळ्यांनी. मी हसू दिलं, पुरतं विझेपर्यंत. मग शेवटची फिल्म घातली आणि म्हटलं, "आता देवाचं नाव मी एकटी घेणार, मनात. तुम्ही फकस्त उभं ऱ्हावा." ओठ दाताखाली घट्ट धरले. झाकण काढलं. म्हटलं. लावलं.

दोन्ही फिल्म घरी येऊन लगेच धुतल्या. भावजी बंद दाराबाहेर उभे होते. "वैनी?" मी ट्रे हलवत राहिले. थोड्या वेळानं पुन्हा, "वैनी, काय हाय?" मी पाणी बदललं. पूर्ण धुऊन झाल्याशिवाय दार उघडायचं नाही, ही माझी बत्तीस वर्षांची रीत आहे. ती भावजींसाठी मोडायची नव्हती.

दार उघडून फिल्म त्यांच्या हातात दिली. उजेडात धरून त्यांनी खूप वेळ बघितली. चाळीस चेहरे मोजले असावेत. मग म्हणाले, "दादाचा फेटा जरा तिरका बसलाय. मी बांधला हुता." आणि फिल्म परत दिली.

"पावण्यांना काय सांगू?" जाता जाता विचारलं.

"सांगा, लॅम्प करायला एक लोखंडी भिंग हाय माझ्याकडं. घडीचं. घेऊन जावा म्हणावं."

६ नोव्हेंबर, गुरुवार

टेम्पो आला नाही.

मोठा फोटो तालमीत दिला. खाली नाव लिहायला पेंटर बसला होता. त्यानं सवयीनं "छायाचित्र: गणपतराव" एवढं लिहून टाकलेलं. मी म्हटलं, पूस. वस्ताद म्हणाले, वैनी, धन्याचं नाव हाय. मी म्हटलं, धनी खुर्चीत बसलेत, दिसतायत सगळ्यांना. कापडाखाली कोण होतं ते लिहा. पेंटरनं पुसून "आक्काताई गणपतराव" लिहिलं. "ताई" जरा दाटीनं बसलंय, पण वाचता येतं.

पहिली फिल्मही टाकली नाही, छापून बघितली. चाळीसजण गरजतायत, सगळ्यांचे चेहरे पुसून गेलेत, हातांचा नुसता धूर. मध्ये एकटे हे, न हललेले, पापणीच्या केसासकट. हा फोटो तालमीला द्यायचा नाही. ह्यांच्या पलंगासमोर लावला. सकाळपासून दोनदा ह्यांनी नख उचलून दाखवलं मला, अर्ध्या तोंडानं हसत.

कॅमेरा पुसून जागेवर ठेवला. पितळी भिंग मखमलीच्या पिशवीत, कापड घडी करून वर. पुढच्या खांडेनवमीला गंध लाकडाला. काचेला नुसता नमस्कार, तोही लांबून.